राखून ठेवलेले दगड

बाबांना स्वस्थ बसता येत नाही. आमच्या घरात हे कुणी तक्रार म्हणून सांगत नाही. एखाद्याला मधुमेह असतो, एखाद्याला ऐकू कमी येतं, तसं ते आहे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता वाचतील, सकाळी फिरायला जातील. त्यांनी सोसायटीच्या टाकीची पाइपलाइन दोनदा बदलून घेतली.

या मे महिन्यात आई आणि ते पुण्याहून इकडे परदेशात, बर्नाबीला माझ्याकडे आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या फ्लॅटमधले सगळे नळ घट्ट केले, बिजागऱ्यांना तेल घातलं आणि बाल्कनीच्या कठड्याचा एक सैल स्क्रू बदलला. तो स्क्रू मला सहा वर्षांत दिसला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात ते खाली पार्किंगमध्ये गेले आणि उतारावरच्या गटाराची जाळी उचलून आतला पाला काठीने मोकळा केला. कुणीतरी उघडी जाळी पाहून इमारतीच्या कमिटीला कळवलं. मला ईमेल आली, की सामाईक जागेत रहिवाशांच्या पाहुण्यांनी कृपया कोणतंही काम करू नये.

"पाणी तुंबत होतं," बाबा म्हणाले.

"त्यांचा माणूस येतो ना महिन्यातून एकदा."

"पाणी काय महिन्यातून एकदा तुंबतं?"

जूनमध्ये मला कामासाठी बेटावर जायचं होतं. आईला बोट लागते, त्यामुळे ती येणार नव्हती. "ह्यांना मात्र ने," ती म्हणाली. "तेवढीच मला विश्रांती. पण एकटं सोडू नकोस गं कुठे. काहीतरी दुरुस्त करून ठेवतील."

मी हसले.

बेटाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांची तशी विनंती आहे. नाव बाहेर गेलं की वीकेंडला बोटी भरून माणसं येतात आणि बादल्या भरून शिंपले उपसून नेतात. मोठी फेरी, मग तासभर ड्राइव्ह, मग छोटी बोट, असं तिथे जायचं. वाटेत मी बाबांना सांगत होते, की इथल्या मूळ लोकांच्या प्रत्येक समूहाला नेशन म्हणतात. स्वतःचं कौन्सिल, स्वतःची शाळा, स्वतःचे नियम, निदान सरकारशी भांडून जेवढे परत मिळवलेत तेवढे.

"लोकसंख्या किती?"

"बेटावर राहणारी तीनशेच्या आसपास."

"तीनशे लोकांचं राष्ट्र," बाबा म्हणाले. त्यांना ते आवडलेलं दिसलं. "आणि पाटबंधारे मंत्री कोण?"

"शार्लीन."

हे फारसं खोटं नव्हतं. शार्लीन त्या नेशनच्या जमीन आणि पाणी कार्यालयाची प्रमुख आहे. बर्नाबीच्या युनिव्हर्सिटीत आम्ही एकाच लॅबमध्ये होतो, ती माझ्या दोन वर्षं पुढे. एमएस्सी झाल्यावर ती बेटावर परत गेली, मी पीएचडीसाठी थांबले. आता तिने मला कामावर घेतलं होतं. तिसरीपासून सहावीपर्यंतच्या मुलांना किनाऱ्याचा अभ्यास शिकवायचा, धडे लिहायचे आणि तिच्यासाठी मोजमापं ठेवायची, असं ते काम.

धड्याचा विषय होता भिंत. कोकणात तिसऱ्या म्हणतात तसले शिंपले त्या किनाऱ्यावर वाळूत वाढतात. ओहोटीच्या अगदी खालच्या रेषेवर दगडांची गुडघ्याएवढी भिंत घातली, की लाटांबरोबर येणारी वाळू तिच्यामागे साठते, उतार कमी होतो आणि शिंपल्यांना हवी तेवढी सपाट जागा तयार होते. त्या बेटाच्या लोकांनी ही भिंत कित्येक पिढ्यांपूर्वी घातली होती. दर वर्षी वादळात चार दगड सरकायचे, दर वर्षी लोक ते परत लावायचे, पोरंसोरं धरून. मग सरकारने मुलंच उचलून लांबच्या निवासी शाळांत नेली. भिंतीचं काम थांबलं. मधोमध दोन माणसं आडवी झोपतील एवढी जागा फुटली आणि तशीच राहिली.

ती जागा या जूनमध्ये मुलांनी भरायची, असं शार्लीनने ठरवलं होतं. आज हयात असलेल्या कुणीही त्या भिंतीत दगड लावलेला नव्हता. कौन्सिलमध्ये यावर बराच वाद झाला. ज्यांचा विरोध होता त्यांचं म्हणणं, की बाहेरची माणसं आधी मापं घ्यायला येतात आणि पुढच्या वेळी मालक होऊन येतात. ते बाहेरचं माणूस म्हणजे मी. शार्लीनने माझी बाजू घेतली आणि हा एक दिवस पदरात पाडून घेतला. तो नीट पार पडला तर किनाऱ्याचा वर्ग कायमचा शाळेच्या वर्षात बसणार होता. नाही तर बंद.

बोटीत मी बाबांना हे सगळं सांगितलं. भिंतीची उंची सांगितली, वाळूचा उतार सांगितला, एवढी मोठी ओहोटी दिवसाउजेडी फक्त उन्हाळ्यात येते, हिवाळ्यात ती रात्री असते, हेही सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली. ती मला इतकी माहीत होती की ती सांगावी लागेल हे सुचलंच नाही.

आम्ही आदल्या दिवशी पोचलो. शाळेत मला चाळण्या, शिंपले मोजायचे कॅलिपर, वाळूवर मांडायच्या चौकटी असं सामान लावायचं होतं. बाबांना मी किनाऱ्यावर एका मोठ्या ओंडक्यावर बसवलं. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोहे. पाणी उतरू लागलं होतं.

"इथेच बसा. मी चारपर्यंत येते."

"बसतो की."

"बाबा, खरंच बसा."

"अगं बसलोय ना! काय लिहून देऊ?"

चारला परतले तेव्हा पाणी पुन्हा वर आलेलं होतं, ओंडक्यापासून थोड्या अंतरावर छोट्या लाटा फुटत होत्या. बाबा ओंडक्यावर होते. पँट मांडीपर्यंत भिजलेली, उजव्या हाताच्या दोन नखांतून रक्त आलेलं, आणि चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्यांच्या निवृत्तीनंतर पाहिलेला नव्हता.

मग मला गवताची कड दिसली. भरतीच्या रेषेच्या वर, तिथे सकाळपर्यंत दगडांची एक रांग होती. आता तिथे फिकट, दबलेल्या गवताच्या गोल खुणा होत्या. एका खुणेत किडे सैरावैरा धावत होते, डोक्यावरचं छप्पर अचानक गेल्यासारखे.

"दगड कुठे गेले?"

"लावले."

"कुठे लावले?"

"कुठे म्हणजे? गॅपमध्ये." बाबा उठून उभे राहिले. "मटेरियल साइटवर पडलेलं, गॅप समोर, पाणी उतरलेलं. अजून काय पाहिजे माणसाला? तुझी ती पोरं उद्या येऊन बोटं चेंगरून घेणार होती. आता निवांत बघतील. आणि नुसते ठेवले नाहीत हं, पिचिंग केलंय, दगडात दगड घट्ट बसवून. खालून कपच्या ठोकल्यात. हत्ती उभा कर, हलणार नाही."

मी ओंडक्यावर बसले. मग जे सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं.

ते दगड मुलांचे होते. गेल्या शरद ऋतूत प्रत्येक मुलाने ओढ्याच्या तोंडाशी जाऊन आपला आपला एक दगड निवडला होता, स्वतःला किंवा भावंडाच्या मदतीने उचलता येईल असा. तिथून तो इथे आणला होता. रंगवायचा नाही, नाव घालायचं नाही, असा शार्लीनचा नियम होता. हिवाळाभर मुलं पावसात येऊन आपापला दगड बघून जायची. भिंतीत जाण्याआधी दगड ओळखीचा व्हायला हवा, असं तिचं म्हणणं. त्यांना उद्याचा दिवस ऑक्टोबरपासून माहीत होता.

बाबा ऐकत होते. त्यांची नजर पाण्यावर होती, जिथे खाली त्यांची भिंत होती.

"मग मुलांचंच काम झालं की," ते म्हणाले, पण आवाज पडला होता.

"बाबा."

"काढतो. सकाळी काढतो सगळे."

"सकाळी तिथे छातीएवढं पाणी असणार. भिंत उघडी पडेपर्यंत मुलं आलेली असतील."

"मग पाण्यात उतरून काढतो. रांगेत ठेवून देऊ. कुणाला कळतंय?"

"रांग आठवते तुम्हाला? कुठला कुठे होता?"

"मी आधी साइझप्रमाणे लावून घेतले," ते म्हणाले. "मोठे तळाला."

माझ्या फोनमध्ये रांगेचा मार्चमधला फोटो होता. मी तो उघडला आणि मोठा केला. प्रत्येक दगड ओळखू येत होता. कडेचा लालसर, त्याच्याजवळचा हिरवा, पांढऱ्या पट्ट्याचा. पाणी थोडं उतरल्याबरोबर दोघांनी मिळून घाई केली तर जमलं असतं. हे जमण्यासारखं आहे, हेच मला बसू देईना. मी किनाऱ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. बाबाही माझ्यामागून चालत होते. आम्हा दोघांना कुणी लांबून पाहिलं असतं तर काहीतरी हरवलंय असंच वाटलं असतं.

फोटोने दगड जागेवर गेले असते. पण उद्या शार्लीन मुलांना सांगणार होती, की एवढ्या पिढ्यांनंतर भिंतीला लागणारे हे पहिले हात. आणि मी तिथे कॅलिपर घेऊन उभी राहणार होते.

मी फोन खिशात टाकला. "चला, शार्लीनकडे."

"आत्ता? या कपड्यांत?"

"याच कपड्यांत."

शार्लीन घरामागच्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तयारी करत होती. बाटल्यांत भरलेला सामन मासा उघडून मोठ्या पातेल्यात काढत होती. ऊन अजून लख्ख होतं. मी एका वाक्यात सांगितलं. तिला आधी थट्टा वाटली आणि ती हसली.

"सगळे?" हसू थांबल्यावर तिने विचारलं.

"सगळे."

तिने हात पुसले. बाबा माझ्यामागे, डोक्यावरची टोपी काढून उभे होते. पुढे झाले आणि खात्यात शिकलेल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आय डीपली रिग्रेट द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड."

"माझ्या ऑफिसला सरकारकडून येणाऱ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी हेच असतं," शार्लीन म्हणाली.

बाबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"या बेटावर जो येतो तो आमचं काहीतरी पूर्ण करायलाच येतो," ती म्हणाली. ती ओरडत नव्हती, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "पाद्री आले, सरकार आलं, युनिव्हर्सिटी आली. आता कालवे बांधणाराही आला. आमची अर्धी राहिलेली एक गोष्ट कुणाला बघवत नाही. विचारायला काय झालं होतं?"

"विचारायला कुणी नव्हतं तिथे," बाबा हळूच म्हणाले.

"मग थांबायचं."

"मी काढून देतो," ते म्हणाले.

"हात लावायचा नाही. उद्या मुलांना तुम्ही सांगायचं. अनुया नाही सांगणार, तुम्ही."

"माझं इंग्लिश..."

"इंग्लिश चांगलं आहे. फक्त रिग्रेट नको."

बाबा फाटकाकडे गेले. मी वळत होते तेवढ्यात शार्लीन म्हणाली, "तुझ्याकडे मार्चचा फोटो आहे."

"आहे."

"बघितलास?"

"हो."

तिने पुढची बाटली उघडली. "कौन्सिलला मी सांगेन. उद्याचा दिवस आपल्याकडे आहे. त्यानंतरचं मला माहीत नाही, अनुया. खरंच नाही."

दुसऱ्या दिवशी मुलं वर्गाच्या बाईंबरोबर, गमबूट घालून आली. पाणी भिंतीच्या खाली सरकलं होतं आणि भिंत सलग, काळी, ओली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी होती. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होती. नवा भाग जुन्यापेक्षा सरळ होता.

मुलांनी आधी गवताकडे पाहिलं, मग भिंतीकडे. गलका थांबला.

बाबा पुढे आले. त्यांनी सकाळपासून वाक्यं जुळवली होती आणि बोटीच्या धक्क्यावर येरझाऱ्या घालत ती पाठ केली होती. "मी इंजिनियर आहे. मी कालवे बांधायचो. काल मी तुमचे दगड पाहिले. मला वाटलं काम पडून राहिलंय. म्हणून मी केलं. भिंत माझी नव्हती. मी विचारलं नाही. माझं चुकलं."

मग एका मुलाने विचारलं, "पण का?"

हा प्रश्न पाठांतरात नव्हता. बाबांनी विचार केला. "मला बसता येत नाही," ते म्हणाले.

"मलाही नाही," तो मुलगा म्हणाला, आणि त्याच्या बाईंसकट सगळे हसले.

एक मुलगी हसली नाही. तिचं नाव जोसी, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी. ती भिंतीपाशी जाऊन दगड एकेक बघत होती. "माझा कुठे आहे? पांढऱ्या पट्ट्याचा?"

बाबांना तो लगेच आठवला. "तळाला. फार चांगला दगड आहे. सपाट."

"मला तो बाहेर हवाय."

"तो काढायचा तर वरचे सगळे काढावे लागतील."

"मग सगळे काढू."

यावर मुलांत दोन तट पडले. झालंय ते छान झालंय, आता जेवून घेऊ, असंही काहींचं म्हणणं होतं. एकाला सँडविच आधी हवं होतं. जोसीने वाद घातला नाही. ती वाकली आणि वरचा एक दगड ओढू लागली. तो हलला नाही. हत्तीचं बाबा म्हणाले होते ते खरंच होतं. मग तिच्या मदतीला तिचा चुलतभाऊ गेला, मग अजून दोघं, मग सँडविचवालाही.

शार्लीन हाताची घडी घालून उभी होती. बाबांना तिने ओंडक्यावर बसायला सांगितलं होतं. ते बसले होते, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून.

"हा निघतच नाहीये!" खालून एकजण ओरडला. "मिस्टर! हा कसा काढायचा?"

बाबांनी शार्लीनकडे पाहिलं. "बोला," ती म्हणाली. "बोलायला हरकत नाही. उठायचं नाही."

"डावीकडची कपची आधी!" बाबा बसल्या जागेवरून ओरडले. "लहान ती! हां. आता तो मोठा तुझ्याकडे ओढ. त्याच्याकडे नाही, तुझ्याकडे! पाय मागे घे. पाय!"

एक दगड सुटला. ज्याचा होता त्याने तो ओळखला आणि पोटाशी धरून गवतापर्यंत नेला, आपल्या खुणेवर ठेवला आणि पळत परत आला. पुढचा निघायला आणखी वेळ लागला. मी मुलांच्या गमबुटांत पाणी शिरताना पाहत होते आणि घड्याळ पाहत होते. माझ्या धड्यातलं काहीच झालं नव्हतं. चाळण्या कोरड्या होत्या. वाळूच्या उतारावर मी जे तीन तक्ते काढले होते ते पिशवीत गुंडाळलेले राहिले. ओहोटीचा सगळ्यात खालचा क्षण आला आणि मुलं दगड लावण्याऐवजी उपसत असतानाच निघून गेला.

जोसीचा दगड उघडा पडला तेव्हा फुटलेल्या जागेतून पाण्याची पहिली जीभ आत आली होती.

"एक," शार्लीन म्हणाली. "आज एकाच दगडापुरता वेळ आहे. बाकी पुढच्या मोठ्या ओहोटीला."

पुन्हा भांडण. माझा, नाही माझा. पण बाकीचे सगळे दगड वर गवतात पोचले होते, आणि तळाचा एकच भिंतीपाशी होता. सँडविचवाल्या मुलानेच ते बोलून दाखवलं. बोलताना त्याला वाईट वाटत होतं.

"आधी बाहेर काढ," शार्लीन जोसीला म्हणाली. "पूर्ण बाहेर."

जोसीने आणि तिच्या चुलतभावाने मिळून तो वाळूवर काढला. तिने तो पाण्याने धुतला. मग उलटा केला, पांढरा पट्टा वर आला पाहिजे म्हणून, आणि जिथे बाबांनी ठेवला होता त्याच्या वीतभर शेजारी ठेवला. बाबांनी सपाट बाजू खाली ठेवली होती. आता ती वर होती.

ती दगडावर चढून उभी राहिली. दगड डुगडुगला. टक्, टक्.

मुलं ओरडली, टाळ्या वाजल्या. बाई डोळे पुसत होत्या. शार्लीन दुसरीकडे बघत होती.

"हलतोय," बाबा माझ्याशेजारी पुटपुटले. ते उठून कधी खाली आले मला कळलं नव्हतं.

"बाबा, श्श."

"अगं हलतोय तो. बघ ना. उजव्या कोपऱ्यात पोकळी आहे."

"ते काय म्हणतायत?" जोसीने मला विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. "सांग," ते म्हणाले, आणि लगेच, "नको. नको, सांगू नकोस."

पण जोसीचं लक्ष त्यांच्या मुठीकडे गेलं होतं. "हातात काय आहे?"

बाबांनी मूठ उघडली. आत एक कपची होती, अंगठ्याएवढी, एका बाजूला निमुळती. जोसीने ती बघितली. दगडाकडे बघितलं. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं. ती अंग एकदा इकडे, एकदा तिकडे टाकून उभी राहिली. टक्, टक्.

"राहू दे," ती म्हणाली. "मला त्याचा आवाज आवडतो."

बाबांनी मूठ मिटली आणि हात मागे घेतला.

सकाळी बोटीपाशी शार्लीन आली. बाबांसाठी तिने सामनची एक बाटली आणली होती. बाबांनी आयुष्यात मासा खाल्लेला नाही. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि प्रवासभर मांडीवर धरून ठेवली.

"कौन्सिल काय म्हणालं?" मी विचारलं.

"दोघं खूप ओरडले. एकाने विचारलं, तो माणूस छपराचं काम करतो का." ती थोडंसं हसली. "वर्ग चालू राहील. निदान एवढे दगड बसेपर्यंत. मुलंच आता कौन्सिलला तो थांबवू देणार नाहीत. जुलैच्या ओहोटीला ये. शाळेला सुट्टी असली तरी मुलं इथेच असतात."

"येते."

"एकटी ये."

"करेक्ट," बाबा म्हणाले.

बर्नाबीला परतल्यावर त्यांनी कशालाही हात लावला नाही. बाथरूमचा नळ पुन्हा गळू लागला होता, तरी नाही. आईने दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. महिनाअखेरीला ते दोघं पुण्याला परतले. एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्याने त्यांच्या खिशातून एक दगडाची कपची काढली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

जुलैत मी एकटी गेले. मुलं आली होती, गवतातली रांग तशीच होती. या वेळी चाळण्या ओल्या झाल्या, तक्तेही उघडले, आणि पाणी परत फिरायच्या आत दगड एकेक करून भिंतीत गेले. काही वाकडे, काही एकमेकांवर रेलून. एका मुलाने तीनदा जागा बदलली. भिंत बाबांनी लावली होती तशी सरळ अजिबात नव्हती. शार्लीनने तिचा फोटो काढला नाही, नुसती बघत राहिली.

सगळे जेवायला वर गेले होते आणि मी चौकटी गोळा करत होते, तेव्हा फोन वाजला. बाबा. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली असणार हे माझ्या लक्षात आलं.

"झोपला नाहीत?"

"ओहोटी आता तळाला आहे ना तिथे? मी टाइमटेबल बघितलं. ऑनलाइन असतं." ते हळू बोलत होते, आई शेजारी झोपलेली असावी. "बसले का सगळे?"

"बसले."

"पोरांनीच लावले?"

"पोरांनीच."

"चांगलं. चांगलं झालं." मग, "तो हलतोय का अजून? पांढऱ्या पट्ट्याचा?"

मी चौकटी खाली ठेवल्या आणि भिंतीपाशी गेले. आता त्याच्या दोन्ही बाजूंना दगड होते. मी त्याच्यावर उभी राहिले. टक्.

"हलतोय," मी म्हटलं.

तिकडे बाबांनी श्वास घेतला.

"किती?" त्यांनी विचारलं.

पाणी यायला अजून अवकाश होता. मी फोन कानाशी धरून पुन्हा दगडावर चढले, आणि या वेळी नीट लक्ष देऊन अंग एकदा इकडे, एकदा तिकडे टाकलं.